रुईच्या पानावरची शिरगणती

सुरुवात पोट्ट्यांच्या भांडणातून झाली. डिसेंबर 2023 ची गोष्ट. आमचं गाव वर्धा जिल्ह्यातलं, सगळा शिवार कापूस आणि तुरीचा. कालव्याच्या काठावर खुळखुळ्याची झाडं वाळत आली होती आणि त्यांच्यावर केशरी फुलपाखरांची झुंबड उडाली होती. बिबळ्या कडवा. इंग्रजीत प्लेन टायगर. संध्याकाळी माझ्या ओसरीत शिकवणीला अठरा मुलं येतात, पाचवी ते आठवीची. त्यांना मी नर-मादी ओळखायची खूण सांगून ठेवली होती. मागच्या पंखावर मध्यभागी काळे ठिपके असतात. तीन असले तर मादी, चार असले तर नर. नराचा तो चौथा ठिपका म्हणजे गंधाची पिशवी असते, आणि पंख मिटल्यावर खालून त्याच्या मधोमध पांढरं दिसतं.

मुलांनी एका सकाळी एकोणीस फुलपाखरं मोजली. सोळा नर, तीन माद्या. मग वाद सुरू. एक म्हणे माद्या मरतात, दुसरा म्हणे लपतात. सातवीतली एक पोरगी म्हणाली, "मॅडम, जलमतातच कमी." मी बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं होतं, तरी माझ्याकडे उत्तर नव्हतं. पटकन सुचेल तेच बोलून गेले, "अंड्यापासून वाढवून पाहू मग." त्या एका वाक्यापायी पुढचं सगळं पावसाळ्यापासून दिवाळीनंतरपर्यंतचं वर्ष गेलं. ज्यांना असं काही करायचं आहे त्यांच्यासाठी हे जसं घडलं तसं लिहिते आहे. चुकांसकट.

पहिली चूक लगेचच झाली. 8 जुलै 2024 ला हातपंपाच्या सांडपाण्याजवळ एक 'बिबळ्या कडवा' मादी घोळाच्या भाजीवर घिरट्या घालताना दिसली. थांबत होती, पोट वाकवत होती, उडत होती. नऊ अंडी मोजली. मी खुळ्यासारखी पानं खुडून घरात आणली. रात्री पडल्यावर डोक्यात आलं, कडव्याच्या अळीला रुई लागते. घोळावर ही बाई काय करत होती? सकाळी मोबाइलमधला फोटो मोठा करून पाहिला तर मागच्या पंखावर एकच काळा ठिपका. ती छोट्या चांदव्याची मादी होती. तिचा नर काळा कुळकुळीत असतो, पंखांवर पांढरे चंद्र, त्यांना निळी-जांभळी कड. नर-मादी शेजारी ठेवले तर एका जातीचे वाटणार नाहीत. मादीने कडव्याचं सोंग घेतलेलं असतं, कारण कडवा रुईच्या चिकावर वाढतो म्हणून पक्ष्यांना कडू लागतो. तिला फुकटात संरक्षण मिळतं. नर-मादी मोजायला निघालेली मी, जातच चुकले होते.

त्यात हेही कळलं की छोट्या चांदव्याचं नाव वन्यजीव संरक्षण कायद्यात जुन्या पहिल्या अनुसूचीत होतं. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. पानं उचलली आणि होती तिथेच घोळाच्या वाफ्यात नेऊन ठेवली. मग पोटात गोळा आला. कडवा पाळायलाही परवानगी लागत असेल तर? उद्या कोणी शिकवणीच्या मुलांसमोर येऊन विचारलं तर?

म्हणून अर्ज. 15 जुलै, सोमवार. एसटीने तालुक्याला वनखात्याच्या कार्यालयात गेले. महिलांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, तेव्हा जायचे वीस आणि यायचे वीस. साध्या कागदावर दोन प्रती. विषय मी अगदी नीट लिहिला होता: 'प्लेन टायगर (बिबळ्या कडवा) पाळून निरीक्षण करण्यास परवानगी मिळणेबाबत.' टेबलापलीकडच्या माणसाने तो वाचला, चष्मा वर केला आणि आतल्या खोलीकडे बघून ओरडला, "साहेब, या बाई टायगरही पाळते म्हणतात अन् बिबळ्याही!" आमच्या भागात बोरच्या जंगलातून वाघ खाली उतरतो, लोक संध्याकाळी शेतातून लवकर घरी येतात. तिथे हा विषय! दहा मिनिटं सगळे हसत होते, मीही. पण अर्ज काही कोणी घेईना. "फुलपाखराचं काही आपल्याकडं नसते, मॅडम." मी म्हटलं, नसतं असं लिहून द्या. शेवटी घेतला.

इथे एक सांगते. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. मी घेतला होता म्हणून 22 जुलैला दुसऱ्यांदा गेल्यावर, "तुमचा अर्ज दिसत नाही" या वाक्यावर परत यावं लागलं नाही. पोच दाखवली, अर्ज सापडला. साहेब जंगलात गेले होते. तिसरी खेप 2 ऑगस्टला. यावेळी भेटले. शांतपणे बसवलं आणि फुलपाखराचं शास्त्रीय नाव विचारलं. तेही मी झेरॉक्सवाल्याकडून छापून नेलं होतं. अनुसूचीतली नावं शास्त्रीय असतात, मराठी नाव सांगून काही सापडत नाही. या कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली, 1 एप्रिल 2023 पासून ती लागू आहे, आणि सहा अनुसूचींच्या आता चार आहेत. जुन्या यादीवर विसंबू नका, हे त्यांनीच सांगितलं. त्यांनी नवी यादी बोट फिरवत तपासली, कडव्याचं नाव मिळालं नाही. अभयारण्यातून काही आणायचं नाही, विकायचं नाही आणि वाढवलेलं जिथलं तिथेच सोडायचं, असं त्यांनी अर्जाच्या मागे लिहून सही केली. तो कागद मी वहीला पहिल्याच पानावर चिकटवला. तुमची जात वेगळी असेल तर तुम्हाला पुन्हा विचारावं लागेल, माझ्या कागदावर जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सासूबाई मारुतीच्या देवळातून आल्या त्या हसतच. "अवो, तुये अंडे मारुतीच्या गळ्यात हायेत." शनिवारी रुईच्या पानांची माळ घालतात, ती पानं देवळामागच्याच झाडांची. जाऊन पाहिलं, खरंच. पानाच्या खालच्या बाजूला खसखशीपेक्षा मोठा, चांदीसारखा पांढरा, उभ्या रेघांचा घुमट. एका पानावर एकच. पुजारीबुवांनी दोन पानं माळेतून काढून दिली, बाकीची मी देवळामागून आणि आमच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जमवली. पहिल्या फेरीची अंडी सोळा.

तिसऱ्या दिवशी अंडी काळी पडायला लागली. मला वाटलं, झालं, आता अळ्या निघणार. इथे फरक ओळखायला शिका. फक्त वरचं टोक काळं दिसलं तर ते आतल्या अळीचं डोकं. ती काही तासांत बाहेर येते आणि आधी अंड्याचं कवच खाते. अंडं सगळंच्या सगळं काळं झालं तर आत अळी नाही, गांधीलमाशीच्या जातीचा एक किडा आहे, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा. ट्रायकोग्रामा. कापसावर बोंडअळीसाठी आपण जी ट्रायकोकार्डं लावतो त्यातलाच हा मित्रकीटक. शेतात मित्र, माझ्या डब्यात शत्रू. पाच अंडी त्याने नेली.

उरल्या अकरा अळ्या. पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या, अंगावर तीन जागी मऊ काळ्या शेपट्यांच्या जोड्या. मुलं शाळेतून थेट ओसरीत यायची. अळी चार वेळा कात टाकते. कात टाकायच्या आधी ती जवळपास दिवसभर खात नाही, हलत नाही. मुलांना वाटायचं मेली, आणि काडीने टोचायची. टोचू नका. पहिली कात मुलांना सापडली तेव्हा काळ्या मोहरीएवढं डोक्याचं टोपण मिळालं. ते कोणी तरी कंपासपेटीत ठेवलं, आजही असेल.

14 ऑगस्टला पाऊस होता. देवळापर्यंत जायचा कंटाळा केला आणि आमच्याच धुऱ्यावरची पानं आणून घातली. रात्री नवाच्या सुमाराला अळ्या वळवळायला लागल्या, तोंडातून हिरवं पाणी. 15 ऑगस्टच्या सकाळी झेंडावंदनाला जाण्याआधी नऊ मेलेल्या मोजल्या. हे दोन दिवसांपूर्वी कापसावर फवारणी करून आले होते आणि वाऱ्याने ते धुऱ्यावर गेलं होतं. हे ओसरीत उभे राहिले, काही बोलले नाहीत. मी तरी काय बोलणार? या घरात एका माणसाचं पोट अळी मारण्यावर चालतं आणि दुसरी बसली आहे अळ्या जगवत. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मले सांगाचं असतं ना, कोणत्या बाजूचं घेतं ते." त्यानंतर फवारणीच्या दिवशी ते स्वतः माझ्या वहीत तारीख टाकायचे.

तेव्हापासून पानं फक्त देवळामागची. धुऊन, पुसून, आणि नव्या झाडाची असतील तर आधी एकाच अळीला देऊन रात्रभर वाट पाहायची. दोन वाचल्या होत्या, त्या 20 ऑगस्टला उलट्या टांगल्या आणि दुसऱ्या दिवशी कोष झाल्या. पानावरचा हिरवागार, डब्याच्या झाकणावरचा फिका गुलाबी. सासूबाई म्हणाल्या, "काचेच्या बांगडीवाणी दिसते वो." महिनाअखेरीला फुलपाखरं निघाली, एक नर आणि एक मादी. सोळा अंड्यांमधून. हे गुणोत्तर वहीत लिहिताना लाज वाटली.

या फेरीने मला खरी अडचण दाखवली. जे चौदा मेले ते नर होते की मादी, हे सांगायला कोणी उरलं नव्हतं. फुलपाखरू निघाल्याशिवाय माझ्याकडे ओळखायची खूणच नाही. मग मी जी मोजते ती जन्मलेल्यांची संख्या नाही, जगलेल्यांची आहे. त्या दिवसापासून वहीत रकाने बदलले: अंडी, फुटली, मेली (कधी, कशाने), कोष, निघाली, नर, मादी. अंड्याला नंबर द्यायचा, तोच नंबर अळीच्या डब्यावर, तोच कोषाखाली. बॉलपेनाने पानाच्या कडेवर लिहिता येतं. अळी तिसऱ्या कातीची झाली की एका डब्यात एकच ठेवायची. एकत्र ठेवलं आणि पान कमी पडलं तर मोठी अळी लहानीला खाते, आणि हिशोबात एक जण 'हरवला' म्हणून येतो.

मधल्या काळात माहेरी फोन झाला. माझं माहेर आरमोरीकडचं. तिथे ऐनाच्या झाडावर टसर रेशमाचा कोसा पाळतात. शेजारच्या काकांचं आयुष्य त्यात गेलं आहे. त्यांना विचारलं, नर-मादी आधी कळते का? "पोरी, मादीचा कोसा हाताले जड लागते. पोटात अंडे असते ना." मग मी सोनाराचा छोटा काटा मागून आणायचं ठरवलं, पण कडव्याचा कोष चिटकवलेला असतो, तो उपटून तोलायचा धीर झाला नाही. ते तिथेच राहिलं.

दुसरी फेरी एकाच आईची. अंगणातल्या रुईच्या रोपाभोवती मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी केली, खाली पायजम्याची नाडी. 31 ऑगस्टला देवळामागे अंडी घालत असलेली एक मादी मुलांनी अलगद धरून आणली. खायला टणटणीची फुलं, आमच्याकडे तिला रायमुनिया म्हणतात. 2 सप्टेंबरला पोळा होता. बैलांना आंघोळ, शिंगांना रंग आणि मध्येच पिशवीत डोकं घालून अंडी मोजणारी घरची सून. चौदा झाली. संध्याकाळी बैल तोरणाखालून निघाले तेव्हा तिलाही सोडून दिलं.

या चौदांपैकी तेरा फुटली. दोन अळ्या लहानपणीच गेल्या. अकरा कोष, अकरा फुलपाखरं, 26 ते 28 सप्टेंबर. दोन नर. नऊ माद्या.

मी रात्री झोपले नाही. मुद्दा असा, की फुलपाखरात नर मारणारे जीवाणू असतात. ते आईच्या अंड्यातून पुढच्या पिढीत जातात. नराकडून पुढे जाता येत नाही म्हणून नर गर्भ अंड्यातच संपवतात. सामोआ बेटांवर मोठ्या चांदव्याचं हेच झालं होतं. वोल्बाकिया नावाच्या जीवाणूमुळे 2001 साली तिथे नर जेमतेम एक टक्का उरले होते. मग त्या फुलपाखरातच जीवाणूला दाद न देणारा गुण पसरला आणि 2006 पर्यंत, म्हणजे दहाएक पिढ्यांत, नर चाळीस टक्क्यांच्या आसपास परत आले. आणि केनियात नैरोबीकडे तर आपल्या या बिबळ्या कडव्यातच स्पायरोप्लाझ्मा नावाचा जीवाणू नर मारतो. माझ्या अंगणात तेच सापडलं की काय!

सकाळी चहा घेताना वही पुन्हा उघडली आणि हवा निघाली. नर अंड्यात मरत असते तर जवळपास निम्मी अंडी फुटलीच नसती. इथे चौदातली तेरा फुटली होती. न फुटलेलं एक आणि मेलेल्या दोन, तिन्ही नर धरले तरी पाच नर आणि नऊ माद्या. महिन्यापूर्वी रकाने बदलले नसते तर मी 'विदर्भात नर मारणारा जीवाणू' असं काहीतरी छातीठोक लिहून बसले असते.

मुलांना हे पटत नव्हतं. "नऊ-दोन असं उगाच होते का, मॅडम?" म्हटलं, नाणी काढा. अठरा जणांनी प्रत्येकी अकरा वेळा नाणं उडवलं. दोघांचं नऊ-दोन आलं, एकाचं छाप्याकडून, एकाचं काट्याकडून. मग फळ्यावर गणित केलं. अकरा वेळा उडवलं तर नऊ-दोन किंवा त्याहून वाकडं पडायची शक्यता शंभरात साधारण साडेसहा. फार होत नाही, पण अठरा जणांत एखाद्याचं व्हायचंच. एक आई म्हणजे एकदाच खेळलेला डाव. डाव जास्त पाहिजेत, म्हणजे आया जास्त पाहिजेत.

त्याच आठवड्यात आशाताई ओसरीवर टेकल्या होत्या. मी सांगत होते, माणसात मुलगा-मुलगी बापाच्या बाजूने ठरते, फुलपाखरात आईच्या. मादीकडे दोन वेगळी गुणसूत्रं असतात, झेड आणि डब्ल्यू, आणि ती कोणतं देते त्यावर सगळं. नराकडे दोन्ही झेडच. आशाताई सासूबाईंकडे बघून म्हणाल्या, "म्हंजे यायच्यात सुनेले बोलता येते बरं!" सासूबाईंनी सूप आपटलं. माझ्या दोन्ही मुलीच आहेत. हसलो सगळ्याच, पण सासूबाई जरा उशिरा.

तिसरी फेरी 29 सप्टेंबर ते 10 ऑक्टोबर, पाच माद्या, पाच पिशव्या, प्रत्येकीची अंडी वेगळी. ब्याऐंशी. इतक्यांचं करायचं म्हणजे काय ते आधी कळलं असतं तर पन्नासवर थांबले असते. पहाटे पाचला उठून डबे पुसणं, लेंड्या काढणं, रद्दी बदलणं, पानं आणणं, संध्याकाळी पुन्हा. ओल राहिली की बुरशी येते, म्हणून तळाला वर्तमानपत्र, झाकणाऐवजी जाळीचं कापड आणि रबर. मुंग्यांनी एका रात्री सहा अळ्या नेल्या, तेव्हा टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या आल्या. जुन्या बायका दुधाच्या कपाटाला करायच्या तेच. हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

आणि डोळा. 5 ऑक्टोबरला पानं तोडताना चीक बोटाला लागला आणि घाम पुसताना डोळ्याला. दुखलं नाही, म्हणून पाण्याचे दोन हबके मारून कामाला लागले. दोन तासांनी त्या डोळ्याने सगळं धुक्यातल्यासारखं. रुईचा चीक असाच वागतो. आग होत नाही म्हणून माणूस फसतो, आणि आत बुबुळाला सूज येते. तालुक्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. तपासणीचे चारशे, थेंबांचे एकशे ऐंशी. आठ दिवसांनी नीट दिसायला लागलं. डॉक्टर म्हणाले, लगेच भरपूर पाण्याने धुवून त्याच दिवशी आलात हे बरं केलंत. खरं तर भरपूर धुतलं नव्हतं, पण मी गप्प बसले. तुम्ही मात्र हातमोजे घाला, मुलांना पानं तोडायला लावू नका, आणि चीक डोळ्यात गेला तर दुखायची वाट पाहू नका.

दसऱ्यानंतर हे माझ्या शेजारी बसून डबे पुसायला लागले. एका रात्री त्यांनीच डिसेंबरातलं कोडं सोडवलं. कापसात गुलाबी बोंडअळीसाठी आम्ही कामगंध सापळे लावतो. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग आले की फवारणीचा विचार करायचा, असा हिशोब असतो. ते म्हणाले, "सापळ्यात सारे नरच पडतात. आत मादीचा वास ठेवला असते. म्हणून काय वावरात माद्या नाहीत?" मी पुसता पुसता थांबले. खुळखुळ्याच्या वाळक्या फांद्यांवर कडवा फुलासाठी येत नाही. नर त्यातलं एक द्रव्य चोखतात आणि त्यापासून मादीला भुलवायचा गंध तयार करतात. तो पंखावरचा चौथा ठिपका त्याच कामाचा. म्हणजे मुलांनी जिथे मोजलं ते नरांचं दुकान होतं. मादी तेव्हा रुईवर होती, अंडी घालत. पुस्तकात मी हे दोन्ही वाचलेलं होतं, पण वावरातल्या सापळ्याशी त्याची गाठ माझ्याकडून बांधली गेली नव्हती.

या फेरीचा जमाखर्च असा. ब्याऐंशीतली अकरा अंडी फुटली नाहीत. नऊ अळ्या लहानपणी गेल्या. सहा मुंग्यांनी नेल्या. पाच काळ्या पडून पाण्यासारख्या लोंबल्या. हा रोग आहे. तसा डबा पाहिला की उकळत्या पाण्याने धुवा आणि हात साबणाने धुतल्याशिवाय दुसऱ्या डब्याला लावू नका. एक्कावन्न कोष झाले. चार कोषांतून फुलपाखराऐवजी पांढऱ्या अळ्या दोऱ्याने उतरल्यासारख्या खाली आल्या. परजीवी माशीच्या. एका दुपारी मी डबे उघडे ठेवून मुलांच्या परीक्षेचे पेपर तपासत बसले होते, त्याची ती किंमत. निघाली सत्तेचाळीस. पंचवीस नर, बावीस माद्या. त्यातल्या एका नराचे पंख चुरगळलेलेच राहिले, उडता येईना. त्याला साखरपाण्याच्या बोळ्यावर सहा दिवस ठेवला. मोजणीत तोही आहे.

एकेका आईचं पाहिलं तर कुठे नर जास्त, कुठे माद्या, पण निम्मी अंडी न फुटलेली अशी आई एकही नाही. तिन्ही फेऱ्या मिळून 112 अंडी, 60 फुलपाखरं, 28 नर, 32 माद्या. आणि 52 ज्यांचं काहीच सांगता येत नाही. मुलांना मी हे तिन्ही आकडे एकाच ओळीत लिहायला लावले. पहिले दोन लिहून तिसरा वगळायची घाई सगळ्यांनाच होती. ती सातवीतली पोरगी, आता आठवीत गेलेली, म्हणाली, "बावन्नमधी सारे नर असले तर?" बरोबर आहे. असते तर चित्र पार उलटं. तसं असायला काही कारण दिसत नाही, एवढंच मी म्हणू शकते. मुंगी अळी नेताना नर-मादी बघत नाही.

खर्चाचं विचारतात म्हणून: जाळीचं कापड पाच मीटर 300, भिंग 120, ब्रश 20, वही 40, एसटीच्या तीन खेपा 120, झेरॉक्स आणि छपाई 35, डोळा 580. सगळे मिळून 1,215 रुपये. त्यात डोळ्याचे वाचवण्यासारखे होते. डबे मिठाईवाल्याने रिकामे दिले.

एक वेळापत्रक द्यायचं राहिलं. आमच्याकडे ऑगस्टमध्ये अंड्यातून फुलपाखरू व्हायला साधारण सव्वीस दिवस लागले, ऑक्टोबर-नोव्हेंबरात महिना. दिवाळीत थंडी पडली की वेळ आणखी वाढतो, तेव्हा शेवटचे कोष हलत नाहीत म्हणून फेकून देऊ नका. अनेक जातींत नर आधी आणि माद्या मागून निघतात, अशी घाई केली तर मोजणी एका बाजूला कलते. मी भाऊबीजेला माहेरी गेले नाही, 3 नोव्हेंबरला भाऊच आला. ओवाळून झाल्यावर त्यालाही चार डबे पुसायला दिले.

शेवटचा कोष एकच उरला होता, 10 नोव्हेंबर, रविवार. आदल्या रात्रीच तो काळपट पारदर्शक झाला होता, आतला केशरी पंख दिसत होता. म्हणजे सकाळी निघणार. पण त्या दिवशी वेचणीला बाया लावायच्या होत्या, मी पहाटेच वावरात गेले. सासूबाई घरी. त्यांना लिहिता येत नाही. दहा वाजता परत आले तर डब्यात रिकामी सालपटं, जाळीवर ओल्या लाल थेंबाचा डाग, आणि त्या ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. "उडालं," म्हणाल्या. "मी पंख वाळेलोक थांबली. मोजले बरं."

वहीत त्या तारखेसमोर, मादीच्या रकान्यात, पेन्सिलीने काढलेले तीन ठिपके होते.